मामा, हझार्डस करून घेऊ का?

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा रात्री उशिरा फोन आला. तो कोल्हापूरचा, बारा वर्षांपासून गाडी चालवतो, सध्या चौदाचाकीवर आहे आणि साखर, सिमेंट, कागदाचे रीळ, मिळेल तो माल घेऊन महाराष्ट्र, कर्नाटक आणि गुजरात फिरत असतो. घरच्यांची विचारपूस झाल्यावर त्याने मूळ प्रश्न काढला. "मामा, हझार्डस करून घेऊ का? आमच्यातली दोन पोरं टँकरवर गेली. चार पैसे जास्त मिळतात म्हणतात. तुम्ही एवढी वर्षं गेटवर टँकरच तपासलेत, तुम्हीच सांगा."

मी लोटे परशुराम येथील एका रासायनिक कंपनीच्या सुरक्षा विभागात २२ वर्षे नोकरी केली आणि त्यातला बराचसा काळ गेटवर आणि भरणीच्या ओट्यावर गेला. आत येणाऱ्या प्रत्येक टँकरचे कागद, चालकाचे लायसन्स, टाकीच्या झडपा, सायलेन्सरवरचा स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारे साधन), आग विझवण्याची नळकांडी आणि गाडीवरचे फलक पाहून मगच गाडी आत सोडायची, हे माझे काम होते. लायसन्सवरचा 'हझार्डस', म्हणजे धोकादायक माल नेण्याचा शेरा मी इतक्या वेळा वाचला आहे, आणि तो बाळगणाऱ्या माणसांमध्ये इतके अंतर पाहिले आहे, की भाच्याला एका शब्दात उत्तर देणे मला जमले नाही. त्या रात्री आणि नंतरच्या दोन-तीन फोनांवर मी त्याला जे सांगितले ते येथे सविस्तर लिहितो आहे, कारण हाच प्रश्न मनात असलेले चालक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना मिळणारी माहिती बहुधा धाब्यावरच्या गप्पांतून आलेली असते.

प्रथम हा शेरा म्हणजे काय ते सांगतो. जड वाहनाचे लायसन्स असले तरी धोकादायक माल वाहून नेण्यासाठी ते पुरेसे नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ प्रमाणे अशा चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक तरी भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आले पाहिजे, आणि शासनमान्य संस्थेतून तीन दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ असले पाहिजे. ते प्रमाणपत्र दाखवल्यावर आरटीओ कार्यालयात लायसन्सवर तशी नोंद होते, आणि या नोंदीलाच चालक मंडळी 'हझार्डस' म्हणतात. पूर्वी तिची मुदत एकच वर्ष असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ती तीन वर्षे झाली, तर साध्या व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सची मुदत पाच वर्षे आहे. त्याच वर्षी व्यावसायिक लायसन्ससाठी असलेली आठवी उत्तीर्ण असण्याची अट काढून टाकण्यात आली, परंतु धोकादायक मालासाठीची लिहिता-वाचता येण्याची अट तशीच राहिली. ती का राहिली असावी हे मला गेटवर अनेकदा दिसले, आणि त्याविषयी पुढे लिहितो.

भाच्याचा समज असा होता की हा शेरा फक्त टँकरवाल्यांसाठी असतो. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. नियम मालाला लागू होतो, गाडीच्या आकाराला नाही. पेट्रोल, डिझेल, एलपीजी, अमोनिया, क्लोरीन, निरनिराळी आम्ले यांचे टँकर तर त्यात येतातच, पण ताडपत्रीखाली ठेवलेले सॉल्व्हंटचे ड्रम, कीटकनाशकांची खोकी आणि गॅसचे सिलिंडर घेऊन जाणारा साधा ट्रकही येतो. मी त्याला विचारले, "मागे एकदा तळोज्याहून हैदराबादला निळे ड्रम नेले होतेस, त्यात काय होते?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बिल्टीवर 'केमिकल' एवढंच लिहिलं होतं, मामा." रात्री धाब्यावर गाडी लावून, मागच्या चाकांजवळ स्टोव्ह पेटवून त्याने आणि क्लीनरने भात शिजवला होता. तो माल ज्वालाग्राही होता की नव्हता, हे त्याला आजही ठाऊक नाही आणि मलाही नाही. धोकादायक मालाची वाहतूक करू की नको, असा प्रश्न तो मला विचारत होता. पण ती त्याने आधीच केलेली असण्याची शक्यता होती, आणि तीही शेऱ्याविना, ट्रेम कार्डाविना (मालाचा धोका आणि आणीबाणीत काय करायचे ते सांगणारे कार्ड) आणि काहीच माहीत नसताना.

आता पैशाचे बोलतो, कारण त्याने तेच विचारले होते. टँकरवर पगार किंवा खेपेचा भत्ता साधारणतः थोडा बरा असतो, हे खरे आहे. तेल कंपन्यांच्या किंवा मोठ्या कारखान्यांच्या करारावर लागलेल्या गाडीवर काम वर्षभर चालते, भाड्यासाठी ट्रान्सपोर्ट नगरात चार-चार दिवस ताटकळावे लागत नाही, आणि माझ्या मते खरा फायदा तोच आहे. मात्र त्याबदल्यात काही गोष्टी सोडाव्या लागतात आणि त्या हिशेबात कोणी धरत नाही. टँकर परतताना बहुतेक वेळा रिकामा येतो, त्यामुळे परतीच्या भाड्यातून चालकाला सुटणारी वरकड मिळत नाही. भरणीच्या रांगेत तासन्‌तास थांबावे लागते आणि तेथे विडी-सिगारेट, मोबाइल, स्टोव्ह सर्वच बंद असते. टँकर आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ताशी ६० किलोमीटरवर बांधलेला वेगनियंत्रक असतो, त्यामुळे "रात्रीत पोहोचतो" ही भाषा तेथे चालत नाही. गाडी कोठेही उभी केली तरी ती चालकाच्या किंवा अठरा वर्षांवरील एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली राहिली पाहिजे असे नियम १३३ सांगतो, म्हणजे गाडी रस्त्याकडेला लावून गावच्या लग्नाला जाऊन येता येत नाही. तेल कंपन्यांच्या वाहतूक शिस्तीच्या नियमावलीप्रमाणे मालात गडबड आढळली तर त्या गाडीवरील चालकाचे नाव काळ्या यादीत जाते आणि मग दुसऱ्या तेल कंपनीच्या गेटवरही त्याला उभे केले जात नाही. गडबड कोणी केली याचा निवाडा होईपर्यंत घर कसे चालवायचे, हा प्रश्न त्याचा त्यानेच सोडवायचा असतो. हे सर्व जमेस धरल्यावर निव्वळ जादा पैशासाठी हा शेरा घ्यावा असे मी त्याला सांगू शकलो नाही. तशा अपेक्षेने टँकरवर आलेली अनेक मुले वर्षभरात पुन्हा साध्या गाडीवर गेलेली मी पाहिली आहेत.

भाचा मोबाइलवर अमेरिकेतल्या पंजाबी ड्रायव्हरांचे व्हिडिओ पाहतो आणि तेथेही हाच वाद चालतो, असे त्याने सांगितले. ते खरे आहे. तेथे व्यावसायिक लायसन्सवर 'एच' हे अक्षर चढवून घ्यावे लागते. २००१ च्या हल्ल्यानंतर झालेल्या कायद्यामुळे त्यासाठी बोटांचे ठसे देऊन केंद्रीय यंत्रणेकडून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते, ती निदान दर पाच वर्षांनी पुन्हा होते, आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून प्रथमच हा परवाना घेणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेचे सैद्धांतिक प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. तेथील चालकही विचारतात की एवढा खटाटोप करून मैलामागे किती सेंट वाढतात. पण तेथील उत्तर येथे आणून बसवता येणार नाही, कारण तेथे तपासणीचा अधिक भर चालक कोण आहे यावर आहे, तर आपल्याकडे, निदान नियमात तरी, भर चालकाला काय कळते यावर आहे. आपल्या नियमाची ही बाजू मला मनापासून आवडते, आणि प्रत्यक्षात तिचीच सर्वांत जास्त हेळसांड होते याचे वाईट वाटते.

त्या तीन दिवसांत काय शिकवायचे ते नियमातच दिलेले आहे. पहिल्या दोन दिवसांत बचावात्मक वाहनचालन, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर, रात्रीचे आणि उताराचे वाहन चालवणे, गाडी सुरू करण्यापूर्वी व थांबवल्यानंतर करायच्या तपासण्या, आणि एकेका चालकाला गाडीवर बसवून घेतलेला सराव. तिसरा दिवस संपूर्णपणे मालाचा: संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाचे नऊ वर्ग, फलकावरील हॅझकेम संकेत (आग किंवा गळती झाल्यास काय करायचे ते सांगणारे आकडा-अक्षर), विषारीपणा, ज्वालाग्राहीपणा, तापमान आणि दाब यांचे महत्त्व, गळती झाली तर काय करायचे, संरक्षक साधने कशी वापरायची, प्रथमोपचार, आणि विहिरी, नद्या व तलाव यांचे गळतीपासून रक्षण. हा शेवटचा मुद्दा मी प्रथम वाचला तेव्हा मला फार बरे वाटले होते. कोकणात रस्त्याच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला वहाळ असतो, आणि त्या वहाळाच्या खाली कोणाची तरी विहीर असते. नियम लिहिणाऱ्या कोणाच्या तरी डोळ्यासमोर ती विहीर होती.

आता ज्या प्रसंगामुळे या शेऱ्याविषयी माझे मत ठरले तो सांगतो. पावसाळ्याचे दिवस होते आणि आमच्याकडून हायड्रोक्लोरिक आम्ल भरून कुंभार्ली घाटाने कराडकडे जायची एक गाडी गेटवर आली होती. माझ्या हाताखालच्या मुलाने फलक पाहिला, त्यावर वर्ग ८, म्हणजे दाहक पदार्थ, असा काळा-पांढरा शिक्का होता. आम्लही वर्ग ८ चे, म्हणून त्याने खूण करून गाडी आत सोडली. गाडी भरली, वजनकाटा झाला, कागद तयार झाले आणि चालक पावतीवर सही करायला आला. साताऱ्याकडचा, पन्नाशीच्या घरातला, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने कागद नीट वाचले, मग बाहेर जाऊन गाडीला एक फेरी मारली, आणि परत येऊन म्हणाला, "साहेब, फलकावर १८२४ आहे. माल १७८९ आहे. मी सही करणार नाही."

१८२४ हा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा क्रमांक आणि १७८९ हा हायड्रोक्लोरिक आम्लाचा. दोन्हींचा वर्ग एकच आहे, दोन्हींचा हॅझकेम संकेतही २आर असाच आहे, त्यामुळे ओझरते पाहणाऱ्याला फलक बरोबरच वाटणार. गाडीमालकाने दुसऱ्या टँकरचा फलक या गाडीवर अडकवून पाठवला होता आणि आमच्या गेटने तो पास केला होता, म्हणजे चूक दोन ठिकाणी होती आणि त्यातली एक माझ्या विभागाची होती. ही कागदी बाब वाटेल, पण घाटात गाडी उलटली असती तर सर्वांत आधी पोहोचलेल्या माणसाने तो फलक वाचला असता. कॉस्टिकला वाफ धरत नाही, आम्लाच्या धुराने मात्र घसा आणि फुप्फुसे जळतात, आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या वाडीतील लोकांना हलवावे लागते. सांडलेल्या आम्लावर चुना किंवा सोडा टाकायचा असतो; फलकावर विश्वास ठेवून कोणी कॉस्टिक निष्प्रभ करण्यासाठी विरल आम्ल मागवले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्यानंतर अनेक रात्री केला.

पुढचे चार तास वाईट गेले. मालक फोनवर त्या चालकाला अर्वाच्य बोलत होता, आमच्या वितरण विभागातले एक जण "एवढं काय त्यात, रंगाने नंबर खोडून नवा लिहा" असे म्हणत होते, आणि तो गृहस्थ गेटबाहेरच्या बाकावर शांतपणे बसून होता. त्याने एकच वाक्य दोनदा सांगितले, "कार्ड आणि फलक माझ्या केबिनची जबाबदारी आहे, तसं आम्हाला शिकवलंय." शेवटी नवा फलक आला, ट्रेम कार्ड मराठीत आणि इंग्रजीत दिले गेले, आणि संध्याकाळी गाडी निघाली. त्या दिवशी त्याचा एक दिवस बुडाला आणि मालकाची मर्जीही गेली असेल. पण त्या चार तासांत, त्या गेटवरच्या आम्हा सर्व शिकल्यासवरलेल्या लोकांत, कायदा आणि रसायन दोन्ही नीट वाचलेला माणूस तोच होता.

मी भाच्याला हेच सांगितले की या शेऱ्याची खरी किंमत तेथे आहे. शेरा असलेला, आणि शिकून तो मिळवलेला चालक "ही गाडी मी नेणार नाही" असे म्हणू शकतो आणि त्याच्या बोलण्याला नियमाचा आधार असतो. माल पाठवणाऱ्याने मालाची संपूर्ण माहिती दिली पाहिजे हे नियम १३१ सांगतो, चालकाला पुरेसे प्रशिक्षण मिळाले आहे याची खात्री मालकाने माल पाठवणाऱ्याला पटेल अशी केली पाहिजे हे नियम १३५ सांगतो, आणि गाडीवर तीन ठिकाणी आणीबाणीचा फलक हवा, त्यावर मालाचे नाव, क्रमांक आणि संपर्काचा दूरध्वनी हवा, हे नियम १३४ सांगतो. 'केमिकल' एवढेच लिहिलेली बिल्टी हातात आल्यावर साधा चालक फार तर कुरकुर करील. शिकलेला चालक विचारील, "कोणते केमिकल? क्रमांक किती? कार्ड कुठे आहे?" हा प्रश्न विचारता येणे मला जादा भत्त्यापेक्षा पुष्कळ मोलाचे वाटते.

याची दुसरी बाजूही मी त्याच्यापासून लपवली नाही. लायसन्सवर ही नोंद झाल्यावर "मला माहीत नव्हते" असे म्हणायची सोय उरत नाही. ट्रेम कार्ड केबिनमध्ये ठेवणे, गाडी सुरक्षित जागी उभी करणे, अपघात झाल्यास ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवणे ही सर्व कामे नियमाने चालकाच्या नावावर आहेत. धोकादायक मालाविषयीचे नियम मोडून गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड होतो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. तोच गुन्हा गाडी चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे, पण रस्त्यावर अडवला जातो तो चालकच. शेरा नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू पाहते, आणि अशा प्रकरणांत कंपनीने आधी पीडितांना भरपाई द्यावी व नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. मालकांना चालकाच्या लायसन्सवर शेरा हवा असतो तो बरेचदा एवढ्याचसाठी. त्यांना शिकलेला चालक हवा असतो असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि हा फरक चालकाने ओळखून असावे.

कारण शेरा आणि शिक्षण यांची फारकत सर्रास झालेली आहे. वर्गात एकही दिवस न बसता मिळालेली प्रमाणपत्रे मी पाहिली आहेत. एकदा एका तरुण चालकाला, त्याचे प्रमाणपत्र अगदी ताजे असताना, मी त्याच्याच गाडीच्या फलकावरील संकेताचा अर्थ विचारला. तो संकोचून म्हणाला की ही पाटी टोलसाठी असते असे त्याला वाटले होते. त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याच्या मालकाने एजंटाला पैसे दिले होते आणि कागद घरपोच आला होता; त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. त्याच्या पाठीमागे १२ टन सल्फ्युरिक आम्ल होते. त्याच्या फलकावर २पी असे लिहिलेले होते; त्यातील दोन म्हणजे बारीक तुषारांच्या रूपातले पाणी, आणि पी म्हणजे संपूर्ण संरक्षक पोशाख घालून, सांडलेला माल भरपूर पाण्याने विरल करायचा. हे समजायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे त्याला मी दिली, पण ती आधी आणि दुसऱ्याने द्यायला हवी होती. रिकामी टाकीही निर्धोक नसते, हेही त्याला ठाऊक नव्हते. सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत तळाशी राहिलेल्या आम्लात पाणी गेले की ते लोखंडाला खाऊन हायड्रोजन सोडते आणि त्या टाकीवर वेल्डिंगची ठिणगी पडली तर स्फोट होतो. पेट्रोलच्या रिकाम्या टँकरचे असेच आहे. आत उरलेली वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली की पेटायला तयार असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा तसे मिश्रण रिकाम्या टाकीतच सहज तयार होते.

भाचा बारा वर्षे घाट चढतो-उतरतो आहे, म्हणून टँकरही तसाच चालेल असे त्याला वाटते. तेथेही मी त्याला थांबवले. साखरेची पोती जेथे रचली तेथेच राहतात. द्रव माल राहत नाही. टाकी अर्धवट भरलेली असेल तर ब्रेक लावल्यावर आतली लाट पुढे येऊन गाडीला ढकलते. टाकीतल्या आडव्या पत्र्याच्या भिंती ती लाट काही प्रमाणात अडवतात, पण वळणावर बाजूला जाणारी लाट त्या अडवत नाहीत. टँकरचा गुरुत्वमध्य आधीच उंच, त्यात माल बाहेरच्या बाजूला सरकला की उतारावरच्या वळणात गाडी आडवी होते, आणि चालकाला वाटते की आपला वेग तर नेहमीचाच होता. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. चार जण गेले, आणि त्यांत पुलाखालच्या रस्त्याने दुचाकीवरून चाललेली माणसे होती. वरून पेटता द्रव त्यांच्यावर पडला. त्या टँकरशी त्यांचा काही संबंध नव्हता. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हे ज्याला माहीत नाही तो मदतीला धावून जातो आणि स्वतः पेटतो. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे एलपीजीचा टँकर वळत असताना ट्रकची धडक बसून गॅस पसरला आणि महामार्गावरची कितीतरी वाहने पेटली. द्रवरूप एलपीजी बाहेर पडला की सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जातो, आणि चालू इंजिनाची ठिणगीही त्याला पुरते.

अशा वेळी चालकाने काय करायचे, हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. अपघातानंतर पळून जाण्यामागे बहुतेक वेळा जमावाची भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत मनमाडजवळच्या पानेवाडी येथील टँकरचालकांनी, पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद करणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा मला त्यांचे म्हणणे समजत होते. तरीही धोकादायक मालाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. टाकीत काय आहे, किती आहे, झडप कोठे बंद होते, हे घटनास्थळी ठाऊक असलेला एकमेव माणूस चालक असतो. तो निघून गेला तर ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. गर्दीत उभे राहून मार खा, असे मी भाच्याला कधीच सांगणार नाही. इंजिन बंद कर, कार्ड हातात घे, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब जा, येणाऱ्या गाड्या थांबव, ११२ ला फोन करून मालाचे नाव आणि क्रमांक सांग, आणि पोलीस आले की कार्ड त्यांच्या हातात दे, एवढे मी त्याला सांगितले. हे सुचण्यासाठी ते आधी कोणीतरी शिकवलेले आणि करून घेतलेले असावे लागते. ऐन वेळी ते आपसूक सुचत नाही.

म्हणून माझे उत्तर असे झाले. हझार्डस करून घे, टँकरवर गेला नाहीस तरी करून घे, कारण निळे ड्रम तुझ्या साध्या गाडीवरही येणार आहेत. पण एजंटाकडून घेऊ नकोस. पुण्यात भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, तेथे असे प्रशिक्षण होते. तेथे किंवा जेथे तीन दिवस खरोखर बसवून घेतात आणि गाडीवर सराव करून घेतात अशा ठिकाणी जा, तीन दिवसांचा भत्ता बुडाला तर बुडू दे. त्यानंतर टँकरवर जायचेच असेल तर गाडी पाहण्याआधी मालक पाहा. फलक बदलण्यावरून जो मालक चालकाला शिव्या देतो त्याच्याकडे दुप्पट भत्ता असला तरी जाऊ नकोस. आणि पहिली दोन वर्षे एलपीजी किंवा अमोनिया नको. डिझेलने सुरुवात कर, गाडीचा आणि लाटेचा अंदाज येऊ दे.

त्याची एकच अडचण होती आणि ती त्याने शेवटच्या फोनवर, जरा अडखळत सांगितली. मराठी तो उत्तम वाचतो, पण इंग्रजी त्याला अक्षर-अक्षर लावून वाचावे लागते. मी माझ्याकडची जुनी ट्रेम कार्डे त्याला कुरियरने पाठवली आणि रोज एक कार्ड मोठ्याने वाचायला सांगितले. त्याची मुलगी पाचवीत आहे; गाडी घरी असते त्या रात्री ती त्याच्याकडून वाचून घेते आणि चुकला की पुन्हा वाचायला लावते. येत्या महिन्याच्या तुकडीसाठी त्याने नाव नोंदवले आहे. परवा फोन आला तेव्हा म्हणाला की मालाचा तिसरा आणि आठवा वर्ग पाठ झाला, पाचव्यावर अजून अडतो, आणि सॉल्व्हंट भरायला आलेल्या एका पार्टीला त्याने पहिल्यांदाच कार्ड मागितले. त्यांनी दिले नाही. मग त्याने भाडे सोडले आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरहून साखर भरली.